दीपस्तंभ पाहायला जाताना घड्याळ सोबत घ्या

राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या बाईंनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत, त्यांच्या गावची मंडळी बस करून गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपी अशी देवदर्शनाला निघणार आहेत. उडुपीच्या दक्षिणेला कापू नावाच्या समुद्रकाठच्या गावी एक मुक्काम आहे आणि तिथे जुना दीपस्तंभ आहे. सोबत सहावी-सातवीची नऊ मुलं आहेत. त्यातल्या एकानेही अजून समुद्र पाहिलेला नाही. बाई विचारतात : दीपस्तंभात मुलांना नेमकं काय दाखवावं? एवढ्या मोठ्या दिव्याने रात्री समुद्र उजळून निघतो का? आणि मोबाईलवर नकाशा दिसत असताना आता दीपस्तंभाची गरज काय उरली?

बाई, मी आर्वीकडचा. कापूस आणि तूर पिकवणाऱ्या घरात वाढलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेविसाव्या वर्षी, नोकरीवर रुजू व्हायला गेलो तेव्हा. पुढे चौतीस वर्षं पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यावर दिवे सांभाळले आणि निवृत्त होऊन पुन्हा वावरात आलो. त्यामुळे तुमची मुलं त्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहतील तेव्हा त्यांच्या मनात काय येईल, हे मला चांगलं ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर बाकी सगळं उभं आहे. जागलीला गेलेला माणूस बॅटरी मारतो ती रानडुक्कर कुठे शिरलं ते दिसावं म्हणून. मीही पहिल्या रात्री असंच काही समजून गॅलरीत गेलो होतो. आता खालचा समुद्र दिवसासारखा दिसेल, लाटा मोजता येतील, अशी अपेक्षा होती. खाली पाहिलं तर काळाकुट्ट अंधार. लाटांचा आवाज येत होता, पण फेससुद्धा दिसेना. डोक्यावरून मात्र उजेडाचे पट्टे सरकत होते, सरळ आडवे, क्षितिजाकडे गेलेले. आपल्याकडे ‘दिव्याखाली अंधार’ म्हणतात ना, ते दीपस्तंभाला शब्दशः लागू आहे, आणि तो अंधार मुद्दाम केलेला असतो. दिव्याचा जो उजेड वर आभाळात आणि खाली पायथ्याशी वाया गेला असता, तो सगळा भिंगाने गोळा करून एका आडव्या पट्ट्यात दाबून लांब पाठवायचा असतो. समुद्र दिसावा म्हणून तो दिवा लावतच नाहीत. लांबवरच्या जहाजावरच्या माणसाला दिवा दिसावा, एवढ्यासाठी तो असतो.

नुसता दिसूनही भागत नाही. आपल्या भागात रात्री रस्ता चुकला तर माणूस आभाळाच्या कडेला बघतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसले की दिशा कळते, कारण त्या चिमण्या कुणाच्या हे त्याला माहीत असतं. रामटेकच्या गडावरचा दिवा लांबून पाहिला तरी हात जोडले जातात, तेही त्याच कारणाने. आता समजा, अशा दहा टेकड्या एका रांगेत आहेत, प्रत्येकीवर सारखाच पांढरा दिवा आहे आणि तुम्ही अंधारातून पहिल्यांदाच त्या बाजूला येत आहात. यातलं रामटेक कोणतं? किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजाची नेमकी हीच अडचण असते. दिवा दिसला, पण कोणता? चुकून शेजारचा समजला, तर ज्या ठिकाणी खोल पाणी आहे असं वाटतं तिथे खडक निघतो.

म्हणून प्रत्येक दीपस्तंभाला स्वतःची लय दिलेली असते. एखादा दर दहा सेकंदांनी एकदा चमकतो. दुसरा लागोपाठ दोनदा चमकून मग बराच वेळ गप्प राहतो. तिसऱ्याच्या तीन चमका. काहींचा उजेड सलग असतो आणि अधूनमधून क्षणभर विझतो. एकमेकांच्या टप्प्यात येणाऱ्या दिव्यांना सारखी लय द्यायची नाही, हा नियम. ही लय सागरी नकाशावर दिव्याच्या खुणेशेजारी छापलेली असते. देहरादूनला नौदलाचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय आहे, तिथून सगळ्या दिव्यांची यादीच निघते. डोंगरातल्या देहरादूनमध्ये समुद्राचे नकाशे तयार होतात हे मुलांना सांगा, त्यांना गंमत वाटेल. जहाजावरचा अधिकारी दिवा दिसला की हातात घड्याळ घेतो, दोन चमकांमधलं अंतर मोजतो, यादीशी ताडून बघतो आणि मग म्हणतो, हा अमुक. दिव्याचं नाव असं सेकंदांत लिहिलेलं असतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आलं. मुलांना दीपस्तंभ वाचायला शिकवा. दिवसा जिना चढून, फोटो काढून, खाली उतरून भेळ खाल्ली की सहल झाली असं बहुतेक लोक मानतात. पण ज्याने अंधार पडल्यावर वाळूत बसून त्याच्या चमका मोजल्या नाहीत, त्याने इमारत पाहिली, दीपस्तंभ पाहिला नाही, असं माझं ठाम मत आहे.

ही लय आम्ही किती जिवापाड सांभाळायचो, ते एका रात्रीवरून सांगतो. जुलै महिना, मी एका बेटावर होतो. आमच्या दिव्याची चमक दर दहा सेकंदांनी. मधला बल्ब सतत जळत असे आणि त्याच्याभोवती चार तावदानांचं मोठं भिंग चाळीस सेकंदांत एक फेरा करत असे. म्हणजे कोणत्याही एका दिशेला चाळीस सेकंदांत चार वेळा, दर दहा सेकंदांनी एक, असा झोत जायचा. दिवा चमकतो तो असा. बल्ब विझत-पेटत नसतो, भिंग फिरत असतं. रात्री पावणेअकराच्या सुमारास फिरवणाऱ्या यंत्राचा दाता तुटला आणि भिंग थांबलं. बल्ब चालू होता, वीज होती, उजेड तेवढाच होता. नवख्या माणसाला वाटेल, काय बिघडलं? बिघडलं ते असं : थांबलेल्या भिंगातून चार दिशांना चार झोत गेले आणि तिथेच खिळले. त्या झोतात सापडलेल्या जहाजाला न लुकलुकणारा दिवा दिसेल आणि तो त्याला भलतंच काही समजेल. झोतांच्या मध्ये असलेल्या जहाजाला काहीच दिसणार नाही. बंद पडलेला दिवा परवडतो, कारण दिवा नाही हे पाहून खलाशी सावध होतो. चुकीच्या चालीचा दिवा त्याला खात्रीने फसवतो.

कोळ्यांच्या होड्या पावसाळ्यामुळे वर ओढून ठेवल्या होत्या, पण मालाची जहाजं येत-जात होती. मी आणि माझा सोबती, दोघंच. बिनतारी संदेशाने बिघाड कळवला आणि भिंगाला हात लावला. जमिनीवर खडूने गोल आखून त्याचे आठ भाग केले. एक भाग पाच सेकंदांचा. एकाने घड्याळ बघत आकडे म्हणायचे, दुसऱ्याने आकड्याबरोबर खुणेवर पोचायचं. अर्ध्या तासाने बदली. पहिला तासभर माझी चाल सारखी चुकत होती, कधी नऊ सेकंद, कधी अकरा. मग मला माय आठवली. पहाटे ती आणि काकू जात्यावर समोरासमोर बसायच्या, ओवी सुरू झाली की जातं आपोआप एका चालीने फिरायचं, दोघींचे हात खुंट्यावर आणि लक्ष भलतीकडे. मी मनातल्या मनात तिच्या ओवीची चाल धरली आणि हात बसला. उजाडेपर्यंत आम्ही भिंग फिरवलं. सकाळी तळहात सोलले होते, तरी त्या रात्री आमच्या दिव्याचं नाव बदललं नाही. तेव्हा माय हयात होती. सुट्टीवर आलो तेव्हा तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, पीठ किती पडलं?

आता त्या भिंगाबद्दल, कारण माझ्या लेखी दीपस्तंभातली सर्वांत देखणी वस्तू तीच. एवढं मोठं भिंग एकसंध ओतलं असतं तर मधोमध काच हातभर जाड झाली असती, वजनाने मनोऱ्याला भारी पडली असती आणि उजेड काचेतच मुरला असता. फ्रान्समध्ये ऑगस्टिन फ्रेनेल नावाचा रस्ते-पुलांच्या खात्यातला अभियंता होता. त्याने ओळखलं की प्रकाश वाकतो तो काचेच्या पृष्ठभागाशी, मधली जाडी नुसता भार आहे. म्हणून त्याने भिंगाची पाठ कापून पायऱ्या-पायऱ्यांची केली, मध्ये एक गोल तुकडा आणि भोवती कड्यांसारखे लोलक. १८२३ साली ते कोर्दुआँच्या दीपस्तंभावर बसलं. चारच वर्षांनी, एकोणचाळीसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. जगभरच्या खलाशांवर त्याचे उपकार आहेत. मुलांना बसच्या मागच्या काचेवर चिकटवलेली प्लॅस्टिकची रेघारेघांची पट्टी दाखवा, किंवा पुस्तकावर ठेवून अक्षरं मोठी करणारा तो पातळ चौकोनी कागदासारखा तुकडा. तत्त्व हेच.

वर जायला मिळालं आणि काचेचं जुनं भिंग दिसलं, तर मुलांना बाजूने उभं करून त्याचे तीन थर बघायला सांगा. मधल्या पट्ट्यातली काच प्रकाश वाकवून आडवा करते. वरच्या आणि खालच्या लोलकांत प्रकाश शिरतो, आतल्या आत आरशासारखा परततो आणि मग आडवा बाहेर पडतो. विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ इथे माणसाच्या उंचीचं उभं असतं. हात मात्र लावू देऊ नका. बोटाचा चिकटपणा बसला की तेवढ्या जागचा उजेड मंदावतो, आणि पुसताना ओरखडा गेला तर तो कायमचा. आम्ही नोकरीवर बिल्ल्याचा पट्टासुद्धा काढून ठेवायचो, की बकल घासू नये.

दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले दिसले तर मुलं विचारतील, काच झाकली कशाला. गुराखी पोरं उन्हात भिंग धरून कापसाचा बोळा पेटवतात, तुमच्या मुलांनीही तो उद्योग केला असेल. दीपस्तंभाचं भिंग आतला उजेड जसा बाहेर पाठवतं, तसं बाहेरचं ऊन आत एका ठिकाणी आणून ठेवतं. पडदा ओढायचा राहून गेला तर दिव्याची जागा जळते, खोलीला आग लागू शकते. सूर्य वर यायच्या आत पडदे ओढणं हे सकाळचं पहिलं काम असायचं, चहा त्यानंतर.

एवढं जड काचेचं घर हाताने फिरलं कसं, हेही सांगायला हवं. जुन्या मोठ्या भिंगांची बैठक पाऱ्यावर तरंगत असे. लोखंडसुद्धा पाऱ्यावर तरंगतं, त्यामुळे काही टनांचं ओझं बोटाने ढकललं तरी सरकायचं. विजेआधी ते फिरवायला भिंतीवरच्या घड्याळासारखं यंत्र असे : मनोऱ्याच्या मधल्या पोकळीत वजन लोंबकळायचं, ते हळूहळू खाली यायचं आणि काही तासांनी किल्ली देऊन पुन्हा वर चढवायचं. रात्रभर जागं राहण्याचं ते एक कारण होतं. पारा घाण झाला की आम्ही तो कापडातून गाळायचो. तरुण होतो, ओंजळीत घेऊन खेळायचोही. त्याची वाफ शरीरात गेली तर मेंदूला आणि मज्जातंतूंना घातक असते, हे मला फार उशिरा कळलं. आज जिथे जिथे जमेल तिथे पाऱ्याऐवजी साधे बेअरिंग किंवा न फिरणारे एलईडी दिवे बसवतात, ते योग्यच आहे. जुनी भिंगं गेली याचं मला वाईट वाटतं, पारा गेला याचं नाही.

दिव्याची गोष्ट आपल्या माणसांना सांगायला सोपी आहे, कारण त्यातला बराच भाग आपण घरात जगलो आहोत. मद्रासला १७९६ साली किल्ल्यातल्या एका इमारतीच्या छपरावर खोबरेल तेलाचे दिवे लावून सुरुवात झाली. केरळात अलप्पुळाला १८६२ साली बांधलेल्या दीपस्तंभातही खोबरेलच जळायचं, तिकडे ते मुबलक. महाबलीपुरमला १९०४ मध्ये आजचा दगडी दीपस्तंभ सुरू झाला, त्याआधी शेजारच्याच खडकावरच्या पल्लवकालीन ओलक्कनेश्वर मंदिराच्या माथ्यावर दिवा लागायचा. खोबरेलानंतर रॉकेल आलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉकेलची वाफ करून ती रेशमी जाळीत जाळण्याची रीत आली. ही आपली गॅसबत्ती. झाडीपट्टीत रात्र-रात्र दंडार रंगायची ती जिच्या उजेडात, लग्नाच्या वरातीत बायका डोक्यावर घेऊन चालायच्या ती पेट्रोमॅक्स. पंप मारायचा, जाळी पांढरी होईपर्यंत वाट बघायची, सगळं तेच, फक्त आकार मोठा. मग विजेचे बल्ब आले, नंतर चारशे वॅटचे मेटल हॅलाईड नावाचे दिवे, आता एलईडी. चारशे वॅटचा दिवा चांगल्या भिंगामागे आणि पुरेशा उंचीवर असला तर वीस सागरी मैलांवरूनही दिसतो. सागरी मैल १८५२ मीटरचा, म्हणजे वीस मैल ३७ किलोमीटर झाले. नागपुरात लावलेला दिवा बुटीबोरी ओलांडून पुढे गेल्यावरही दिसावा, इतकं हे अंतर.

कापूचा दीपस्तंभ १९०१ सालचा, उंची सुमारे २७ मीटर. तो वाळूत उभा नाही, पाण्याला लागून असलेल्या खडकावर आहे, आणि हीच त्याची शान. गावात मारीगुडी म्हणजे मरीआईची जुनी देवळं आहेत, तुमची मंडळी तिथे जातीलच. आपल्याकडे शिवेवर मरीमाय असते, तिकडे समुद्राजवळ आहे. बायांना ते लगेच आपलं वाटेल.

खडकावर मनोरा, मनोऱ्यावर दिवा, एवढी उंची कशाला, हे मुलांकडून गणित करून काढून घ्या. पृथ्वी गोल आहे म्हणून नजर एका अंतरानंतर संपते. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला साडेतीनने गुणा, आलेले किलोमीटर म्हणजे तुमचं क्षितिज. (हवा प्रकाशाला किंचित वाकवते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच दिसतं.) वाळूत उभ्या असलेल्या मुलाचे डोळे सव्वा मीटरवर असतील, तर त्याला चार किलोमीटरही दिसत नाही. एवढा अथांग समुद्र, आणि मुलाच्या वाट्याला राळेगावच्या एखाद्या शिवारापेक्षा जास्त नाही! गॅलरीत जाऊन खडकासकट तीस मीटर उंची धरली तर एकोणीस-वीस किलोमीटर. समोरून येणाऱ्या जहाजावरचा माणूस समजा सोळा मीटरवर उभा आहे. त्याचं क्षितिज चौदा किलोमीटर. दोन्ही मिळवा, तेहतीस. तिथे आल्यावर दिवा पहिल्यांदा पाण्यातून उगवल्यासारखा दिसेल. जाणते खलाशी दिवा टेकतो किंवा उगवतो त्या क्षणी हेच गणित करून अंतर काढतात. होकायंत्रावर त्याची दिशा घेतात, नकाशावर रेघ ओढतात. दुसऱ्या दिव्याची दुसरी रेघ. दोन रेघा छेदतात तिथे आपलं जहाज. भूमितीच्या पाटीवर करता येईल असं हे काम आहे.

गॅलरीत गेल्यावर लांब मचवे दिसतील, त्यातल्या काहींची फक्त डोलकाठी दिसेल आणि खालचं अंग पाण्याआड असेल. सपाट वावरात उभं राहून पृथ्वी गोल आहे हे पुस्तकावर विश्वास ठेवून मानावं लागतं. तिथे ते डोळ्यांनी दिसतं. मुलांना घाई करू देऊ नका, हे बघायला पाच-दहा मिनिटं लागतात.

मोबाईलचा प्रश्न तुम्ही मनापासून विचारला आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. मोठी जहाजं आज दीपस्तंभावर विसंबून चालत नाहीत, उपग्रहावर चालतात. हे मान्य करायला हवं. पण उपग्रहाचा संदेश वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि फार क्षीण असतो. तो दाबून टाकता येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खोटा संदेश पाठवून जहाजाला भलत्याच जागी असल्याचं भासवता येतं. काळ्या समुद्रात, बाल्टिकमध्ये, इराणच्या आखातात असे प्रकार झाले आहेत. पडद्यावर आपण खोल पाण्यात, आणि खिडकीतून डाव्या हाताला दिसायला हवा तो दिवा उजव्या हाताला. अशा वेळी अधिकाऱ्याने खिडकीवर विश्वास ठेवायचा असतो. तो दिवा कुणाला दुरून बदलता येत नाही.

शिवाय समुद्रात फक्त मोठी जहाजं नसतात. कोकणात असताना एक म्हातारे नाखवा आमच्याकडे पाणी भरायला यायचे. त्यांच्या मुलाने होडीवर उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र बसवलं होतं आणि ते उत्तम चालायचं. तरी परतताना ते आधी दिवा शोधायचे. ओल्या हाताने मोबाईलचा पडदा चालत नाही, खाऱ्या पाण्याने बॅटरी बसते, आणि सुकाणू धरलेला माणूस मान खाली घालून बसू शकत नाही. दिवा मान वर करून बघायचा असतो. दीपस्तंभांनीही काळाबरोबर कामं वाढवून घेतली आहेत. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर जवळून जाणाऱ्या जहाजांची ओळख टिपणारी यंत्रणा देशभरच्या किनाऱ्यावर अनेक दीपस्तंभांवर बसली. आपल्या १९२७ च्या दीपस्तंभ कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्यात या साऱ्या साधनांना जागा आहे. बाकी कायद्याचं मुलांना सांगायची गरज नाही.

आता तयारीचं. निघण्याआधी गावातच एक रात्र घ्या. सरकी तेलाच्या रिकाम्या पिंपाला बाजूने समोरासमोर दोन उभ्या फटी पाडा, खालून उघडं ठेवा, आत बल्ब किंवा चार्जिंगची बॅटरी उभी करा आणि शाळेच्या गच्चीवर ठेवून एका मुलाला तो हळूहळू फिरवू द्या. पिंप वीस सेकंदांत एकदा फिरवला तर दर दहा सेकंदांनी एक चमक मिळेल. बाकीची मुलं मोठ्यांसोबत गावाबाहेरच्या रस्त्यावर उभी करा, वावरात शिरू देऊ नका, तिथे अंधारात साप-विंचू आणि झटका मशीनची तार. फिरवणाऱ्याने चाल बदलायची, मोजणाऱ्यांनी ओळखायची. फिरवणाऱ्या मुलाला एक चाल धरून ठेवणं किती अवघड आहे ते कळलं की माझं अर्धं काम झालं. घड्याळ नसेल त्यांना एक मीटर दोरीला दगड बांधून द्या. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला एक सेकंद घेतो.

मोजताना दोन चमकांमधलं अंतर एकदाच मोजू नका. पहिल्या चमकेला शून्य म्हणा, मोजत मोजत ‘दहा’ येईपर्यंतचा वेळ घ्या आणि दहाने भागा. पहिल्या चमकेला ‘एक’ म्हटलं की उत्तर चुकतं, ही चूक मी शिकाऊ पोरांकडून शेकडो वेळा ऐकली आहे. कापूच्या दिव्याची लय मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मुलांनी ती वहीत मांडावी आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून ताडून घ्यावी. नऊ मुलांचे नऊ आकडे येऊ द्या, फरक का पडला ते बोलू द्या.

वर सोडण्याची वेळ दुपार टळल्यावरची, थोडीच असते, मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून ठेवा. शेवटचा टप्पा उभ्या लोखंडी शिडीचा असू शकतो. ज्या बायांचे गुडघे दुखतात त्यांना खालीच बसवा, आग्रह करू नका. पायथ्याचे खडक ओले असतात आणि त्यांवर शेवाळ असतं. लाट सात वेळा लहान येते आणि आठव्यांदा माणसाच्या कमरेपर्यंत, असा हिशेब कुणी धरून चालू नये, ती कधीही येते. पाण्याला लागून असलेल्या खडकावर मुलांना जाऊ देऊ नका, फोटोसाठी तर नाहीच. मे महिन्याच्या उत्तरार्धात तिकडचा समुद्र खवळायला लागतो, म्हणून जमल्यास सहल महिन्याच्या सुरुवातीला करा.

सूर्य पावणेसातच्या आसपास बुडेल. त्याच्या आधी मंडळींना वाळूत बसवा, दीपस्तंभाच्या मागे गावाच्या बाजूला बसू नका. बऱ्याच ठिकाणी घरांवर झोत पडू नये म्हणून जमिनीकडची काच झाकलेली असते. दिवा लागतो तो क्षण चुकवू नका. सुरुवातीला तो फिका दिसेल, आभाळ काळं होत जाईल तसा चढेल. आणि बसचालकाला आधीच सांगून ठेवा, गाडीचे दिवे किनाऱ्याकडे तोंड करून लावू नको म्हणून. मुलांचे मोबाईलही खिशात राहू देत. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि एका उजेडाने ती सगळी वाया जातात.